मुदतवाढ

गोरक्ष दुपारच्या ऐन गर्दीत खानावळीत शिरला, तेव्हाच ज्ञानेश्वरीचं डोकं सणकलं. ज्याला बहिणीशी बोलायचं असतं तो तीन वाजल्यावर येतो, भांडी पालथी पडल्यावर. ऐन पंगतीच्या वेळेला तोच येतो, ज्याला बहिणीनं धड ऐकून घेऊ नये असं वाटत असतं. पाठचा भाऊ होता तो, कडेवर घेऊन फिरवलेला. स्वारी काहीतरी मागायला आलीय, हे तिला त्याच्या चालीवरून कळायचं.

श्रीगोंद्यात साखर कारखान्याच्या रस्त्याला तिची खानावळ होती. हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसे. तिचा नवरा आदिनाथ कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. माणूस सोन्यासारखा, पण भांडणाचा वास आला की त्याला हटकून बाजारातून काहीतरी आणायचं आठवे. त्या दिवशी मेव्हण्याचा चेहरा बघून त्याला कोथिंबीर आठवली आणि तो सायकल घेऊन गेला.

"आक्का, जेवन मागनं करतो," गोरक्ष म्हणाला. "आधी एक सही पाहिजे."

"कशावर?"

"हक्कसोड. हायवेच्या दीड एकरावर."

तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही. मिरजगावला हायवेला लागून असलेली ती दीड एकर वडिलांची. ते गेल्यावर तिघांची नावं लागली होती: आई मालनबाई, गोरक्ष आणि ती. आपल्याकडे बहिणी भावाला हिस्सा लिहून देतात, भाऊ एक साडी नेसवतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. गावातल्या सगळ्या लेकींनी असंच केलं होतं आणि तिनंही केलं असतं. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून राहिलं होतं.

"आत्ताच काय घाई?" ती म्हणाली.

"मच्छिंद्रला जमीन द्यायचीय. हॉटेलवाल्याला. इसार घेतलाय त्याच्याकडनं."

"किती?"

"दोन लाख."

"कुठं हायेत?"

गोरक्षनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "गेले. पन त्यातनं मी लई शिकलो, आक्का. ते पैसे वाया गेले असं समजू नको. फी समज."

तिनं करपलेली भाकरी उचलली आणि कोपऱ्यातल्या पाटीत भिरकावली. "बस. सगळ्यांची ताटं उठू दे. मग सांग तुझं शिक्षन."

गोरक्ष गवारे जमिनीचा एजंट होता, आणि एजंट म्हणून त्याला कुणी नावं ठेवली नसती. त्याचा धंदा सगळा इसारावर. मालकाच्या हातावर थोडे पैसे टेकवायचे, भाव ठरवायचा, तीन महिन्यांची मुदत लिहायची. मुदतीच्या आत चढ्या भावाचं गिऱ्हाईक गाठायचं, मालकाला मालकाचे द्यायचे आणि मधला फरक खिशात घालायचा. गिऱ्हाईक नाहीच सापडलं, तर मुदतीच्या आदल्या दिवशी मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. चहा यायचा, पोरांच्या लग्नाची चौकशी व्हायची, आणि उठताना गोरक्ष म्हणायचा, "दादा, महिनाभर थांबा." मालक थांबायचा. वीस वर्षांत एकाही मालकानं त्याला तारखेवर धरलं नव्हतं. मुदत म्हणजे पुढे ढकलायची गोष्ट, अशी त्याची समजूतच होऊन बसली होती.

आणि अशा माणसाला मोबाईलवर कुणा कोट घातलेल्या माणसानं सांगितलं, की शेअर बाजारातला कॉल म्हणजे दुसरं काही नाही, शेअरचा इसार! थोडे पैसे भरा, आजचा भाव बांधून घ्या, तीन महिन्यांत शेअर वर गेला की मधला फरक तुमचा. गोरक्षला वाटलं, हे तर आपण झोपेतही करू.

चार वाजता खानावळ रिकामी झाली. ज्ञानेश्वरी भांडी घासायला बसली आणि गोरक्ष तिच्यासमोर पाट घेऊन सांगू लागला. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

एका मोठ्या साखर कंपनीचा शेअर होता, चारशे ऐंशी रुपयांना. इथेनॉलचा भाव वाढणार, हे गोरक्षला आतून माहीत. आतून म्हणजे दाजी काट्यावर आहेत, म्हणून. त्यानं पाचशे साठ रुपयांचा भाव बांधून देणारे कॉल घेतले, सगळ्यात लांबच्या मुदतीचे, तीन महिन्यांचे. मुदतीला शेअर पाचशे साठच्या वर असला तर फायदा, नसला तर भरलेले पैसे गेले.

"मग गेला का वर?"

"गेला की! पयल्याच महिन्यात उसळी मारली. माझ्या कॉलचा भाव मोबाईलवर वीस दाखवाय लागला. चौदाला घेतलेला. म्हनलं इकून टाकावा. तर घेनाराच न्हाई. येक जन हुता, तो अकराला मागत हुता. लांबच्या मुदतीच्या मालाला गिऱ्हाईक कमी, आक्का. मोबाईलवर दिसतो तो भाव खरा नसतो. हा पयला धडा."

"आन मग?"

"मग थांबलो. दुसऱ्या महिन्यात शेअर पाचशे तीसवर गेला आन माझा कॉल आला नऊवर. म्या डोळं चोळलं. शेअर वर चाललाय आन माझं पैसे खाली! त्यात दिवसाची किंमत असती म्हनं. दिवस सरला की ती रोज थोडी थोडी वितळती. जमिनीच्या इसाराला असं कुठं असतं? हा दुसरा धडा."

"तवा तरी इकायचा हुता."

"तवा कशाला इकू? शेअर तर वर चालला हुता!"

शेवटच्या मंगळवारी शेअर पाचशे बावन्नवर अडला आणि साडेतीन वाजता गोरक्षचे सगळे कॉल शून्य झाले. पुढच्याच आठवड्यात शेअर पाचशे नव्वदवर गेला. हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. "मी खोटा न्हवतो, आक्का! मी म्हनलो तसंच झालं. फक्त आठ दिवस. आठ दिवस थांबले असते तर काय बिघडत हुतं त्यांचं?"

"तू फोन केला असशील."

तिनं चेष्टेनं म्हटलं होतं. गोरक्षनं मान खाली घातली. फोन त्यानं खरोखरच केला होता. तिकडून बोलणाऱ्या पोरीला त्यानं सांगितलं, की बाई, आठ दिवस वाढवून द्या, वाटल्यास वर थोडे घ्या. ती म्हणाली, सर, एक्सपायरी झाली आहे. हा म्हणाला, तुमच्या मालकाशी बोलणं करून द्या. ती म्हणाली, सर, तसं नसतं. मग यानं सांगितलं, बरं, ज्यानं मला हे कॉल विकले त्या पार्टीचा नंबर तरी द्या, मी त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन मिटवतो.

एरवी ज्ञानेश्वरी लोळून हसली असती. पण मुंबईत नाहीतर आणखी कुठं बसलेल्या, नाव-गाव नसलेल्या माणसाच्या ओट्यावर चहा प्यायला निघालेला हा तिचा भाऊ होता, आणि चहाचे पैसे आईच्या जमिनीचे होते. तिला हसू आलं नाही. तिला त्याला उलथण्यानं झोडावंसं वाटलं.

"बरं. हे धडं झालं. आता काय करनार?"

"आता चूक कळली ना. आता जवळच्या भावाचा कॉल घ्यायचा, आजच्या भावाला चिकटून असलेला. तो म्हाग असतो पन टिकतो. आन मुदत संपत आली की तो इकून पुढच्या तीन महिन्यांचा घ्यायचा. सारखा पुढं ढकलत ऱ्हायचं. त्याला पैसा जादा लागतो. तू हक्कसोड केलीस की मच्छिंद्र त्याच दिशी पाच लाख देनार हाय, बाकीचं खरेदीखताला."

"म्हंजे सगळ्या धड्यांचा अर्थ येकच. जादा पैसे पाहिजेत."

"तसं न्हाई..."

"तसंच हाय. आन समज शेअर वर गेला आन तू त्या दिशीपोत्तर इकला न्हाई, तर?"

"मग पूर्ण पैसे भरून शेअरच घ्यावे लागत्यात. पन तेवढी येळच येऊ द्यायची न्हाई."

"म्हंजे तू खरा निघालास तरी पैसे, आन खोटा निघालास तरी पैसे!" तिनं घासलेलं पातेलं असं आपटलं, की बाहेरचं कुत्रं उठून पळालं. "आन मला येक सांग. मच्छिंद्रनं तुला इसार दिला. त्याला वाटलं तर तो जमीन घेईल, न्हाई वाटलं तर त्याचे दोन लाख जातील. पन त्यानं मागितली की तुला द्यावीच लागनार. न्हाई दिली तर?"

"दुप्पट परत."

"मग कॉल घेनारा मच्छिंद्र हाय. इकनारा तू हायेस. आन तू इकलं काय? माझं आन आईचं."

एवढे व्हिडिओ पाहून हे गोरक्षच्या ध्यानात आलं नव्हतं. पण ध्यानात आलेलं मान्य करायचं, तर तो गवारे कसला?

"मी हक्कसोड करनार न्हाई," ती म्हणाली. "पन तुला दुप्पट भरायची पाळी बी येऊ देनार न्हाई. खरेदीखतावर मी सही करते, इकनारी म्हनून. माझा हिस्सा माझ्या खात्यात. आईचा आईच्या. तुझा तुला, त्याचे कॉल घे न्हाईतर पतंग घे."

"म्हंजे मला तिसरा हिस्सा?" तो उठला. "मी आई संबाळतो. मी बापाचं सगळं केलं. आन तू हितं बसून हिस्सा मागती? बहीन हायेस का हिस्सेदार?"

तो न जेवताच निघून गेला. आदिनाथ कोथिंबीर घेऊन आला तेव्हा ती अजून तेच पातेलं घासत होती.

त्यानंतर मालनबाईचे फोन सुरू झाले. मालनबाईला कॉल, शेअर काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की पोराची मान अडकली आहे आणि लेक ती सोडवत नाही. "बाप असता तर तुला इचारलं बी नसतं," ती म्हणायची.

"आई, तुझा बी हिस्सा हाय त्यात. तुझ्या नावावर दुसरं काय हाय?"

"मला काय वर घेऊन जायाचाय हिस्सा? मला दोन घास कोन घालतं, तू का तो? तू तुझ्या घरी सुखात हायेस. सही कर आन माहेराला ये, न्हाईतर येऊ नको."

हे ऐकलं की ज्ञानेश्वरीला संताप यायचा. आईचा, भावाचा, आणि सगळ्यात जास्त त्या रीतीचा. भावाला दिलं तर माहेर, नाहीतर नाही, हा कुठला हिशोब? तिनं काय कमी केलं होतं? वडिलांच्या दुखण्यात खानावळ बंद ठेवून तिनं मिरजगावला महिना काढला होता. तो महिना कुणाच्या लक्षात नव्हता. भावानं केलेली देखभाल मात्र सगळ्या गावाला पाठ होती.

आदिनाथ एवढंच म्हणाला, "दे करून. आपल्याला काय कमी हाय? नाती ऱ्हातील." त्याच्यावरही ती ओरडली. पण आई चौथ्यांदा फोनवर रडली तेव्हा ती हरली. खोटं कशाला सांगा, ती सही करायचं ठरवूनच कर्जतच्या रजिस्टर ऑफिसला गेली. चांगली साडी नेसून गेली. दीड एकरापेक्षा आपल्याला आई हवी आहे, असं तिनं स्वतःला बसमध्ये दोनदा बजावलं.

ऑफिसात मुलखाची गर्दी होती. गोरक्ष आईला गाडीतून घेऊन आला होता; तीही आपला हिस्सा त्याला सोडणार होती. त्याच्या हातात साडीची पिशवी होती, बहिणीला नेसवायची. मच्छिंद्रही आला होता. दस्त झाला की मोबाईलवरून पाच लाख पाठवायचे, असं ठरलेलं. दुपारपासून चौघं नंबर लागायची वाट पाहत होती. आई बाकावर तिच्या शेजारी बसली होती, पहिल्यांदाच नीट बोलत होती. "घरी चल आता माझ्यासंगं," म्हणाली. "पंकजानं पुरनाचा सैपाक करून ठिवलाय." पंकजा म्हणजे गोरक्षची बायको. ज्ञानेश्वरीला बरं वाटलं. तिनं आईचा हात हातात घेतला.

गोरक्ष मात्र बाकावर टेकत नव्हता. मोबाईल बघायचा, खिडकीत डोकवायचा, परत मोबाईल बघायचा. त्यांचा पुकारा झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. निबंधक बाई चष्मा लावून कागद वाचत होत्या. कॉम्प्युटरवरचा पोरगा अंगठ्याचं यंत्र पुसत होता.

"आजी, काय लिहिलंय कळलं का?" बाईंनी मालनबाईला विचारलं.

"पोराला देतीय."

"स्वखुशीनं देताय ना?"

"व्हय, व्हय."

बाईंनी पान उलटलं. तेवढ्यात गोरक्ष मागून पुढे वाकला आणि म्हणाला, "मॅडम, जरा उरका की. साडेतीनला मार्केट बंद हुतंय."

तो ओरडला नाही. बस सुटेल म्हणून माणूस दुकानदाराला म्हणतो तसं, सहज म्हणाला. आई पंचाहत्तरीची, तिच्या आयुष्यात तिच्या नावावर असलेली एकच वस्तू सोडून देत होती, तिचा अंगठा अजून यंत्रावर टेकला नव्हता, आणि याचं अर्धं मन तो पैसा उधळायला पुढे धावलं होतं. त्याला आई दिसत नव्हती. त्याला बहीणही दिसत नव्हती. त्याला भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत होतं.

ज्ञानेश्वरीच्या डोक्यात रक्त चढलं. आठवडाभर आईच्या रडण्यानं जे दबून बसलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

"आणि ताई, तुम्ही?" निबंधक बाई तिच्याकडे वळल्या. "हिस्सा सोडताय. स्वखुशीनं?"

"न्हाई," ती म्हणाली.

कॉम्प्युटरवरच्या पोरानं मान वर केली. बाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"स्वखुशीनं न्हाई. माझ्या आईनं रडून आनलंय मला हितं, आन आईला ह्यानं रडवलंय. खुशी कुनाचीच न्हाई."

"मग मला दस्त घेता येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि कागद बाजूला सरकवून त्यांनी पुढचा नंबर पुकारला. दोघींचा एकच दस्त होता, त्यामुळे मालनबाईचा अंगठाही उमटायचा राहिला.

बाहेरच्या आवारात गोरक्षनं साडीची पिशवी मातीत आपटली. काय बोलला नाही तो? बापाचं नाव बुडवलंस, चारचौघांत नाक कापलंस, आजपासून तू आम्हाला मेलीस. स्टँपवाले टाइपिंग सोडून बघत होते. तीही उलट उत्तरं देत होती, आवाजाला आवाज चढवत होती. पोटात साचलेलं सगळं तिनं त्या आवारात ओतलं, वडिलांच्या दुखण्यातला तो महिनासुद्धा. मग तिचं लक्ष आईकडे गेलं. मालनबाई हळूहळू चालत गोरक्षच्या गाडीपाशी गेली आणि पुढच्या सीटवर बसून तिनं काच वर केली.

गाडी गेल्यावर मच्छिंद्र खाकरला. "ताई, मला जमीन पाहिजे. सही येकाची का असंना, न्हाईतर तिघांची. घरातलं मिटवा. मी थांबतो महिना दीड महिना."

गोरक्ष ज्या मुलखात वाढला तो हा असा होता. इथं सगळे थांबत होते, म्हणून तर तो इथवर आला होता. ज्ञानेश्वरीला मच्छिंद्रचाही राग आला, पण तिनं त्याला हात जोडले.

महिन्याभरात खरेदीखत झालं, तिघांच्या नावानं. दुसरा इलाजच नव्हता. नाहीतर गोरक्षला दुप्पट इसार कुठून आणायचा, हा प्रश्न होता. तिघांच्या खात्यात तिघांचे पैसे पडले. मालनबाईचे पैसे तिच्या एकटीच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायचे, हे ज्ञानेश्वरीनं बँकेत उभं राहून, भावाशी आणि आईशीही भांडून करून घेतलं. आईनं अंगठा दिला, पण लेकीकडे पाहिलं नाही. गोरक्षच्या वाट्यात गाडीचे हप्ते आणि जुने इसार फिटले. कॉलला काही उरलं नाही.

धुळवडीनंतर हंगाम उतरणीला लागला तसा ज्ञानेश्वरीला श्वास घ्यायला वेळ मिळाला. कुणी बोलावलं नव्हतं. तीच एका सकाळी उठून मिरजगावला गेली. पंकजानं पाणी दिलं आणि कुणी बघायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली. आई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. "आलीस?" एवढंच म्हणाली.

गोरक्ष आतून आला तो मोबाईल हातात घेऊनच. जणू महिनाभर तो याच घटकेची वाट बघत होता. त्यानं मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. "बघ. वाच. पाच लाख टाकले असते त्या दिशी तर आज किती झाले असते म्हाइतीय का? अठरा लाख! मुदतीच्या आत! म्या शिकलो हुतो, आक्का. धडा शिकलो हुतो आन ह्या बारीला बरोबर हुतो. तुझ्या येका 'न्हाई'नं बुडवलं मला."

तिनं आकडा वाचला. तो खोटं बोलत नव्हता. शेअर खरंच वर गेला होता, त्यानं सांगितला होता त्याच्याही वर. अठरा लाखांत या घराचं काय काय झालं असतं, ते सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण चुकलो का, असंही मनात येऊन गेलं.

"ऐकलंस?" भिंतीकडून आईचा आवाज आला. "माझा पोरगा खरा हुता."

त्या एका वाक्यानं ज्ञानेश्वरीचं चुकणं-बिकणं जागच्या जागी जळून गेलं.

"हुता," ती म्हणाली. "खरा हुता. मग? शेअर वर गेला म्हनून माझा हिस्सा त्याचा हुतो व्हय? तुझा हुतो? खाली गेला असता तर माझं बरोबर, वर गेला तर त्याचं बरोबर, असं हाय का तुमचं? म्या त्या दिशी शेअरला न्हाई म्हनलं न्हवतं, आई. म्या ह्याला न्हाई म्हनलं. तुझा अंगठा उमटायच्या आधी ह्यानं घड्याळाकडं बघितलं, त्याला न्हाई म्हनलं. आन उंद्या मला सांगितलं, की अठराचे अडतीस लाख हुनार हायेत, तरी बी न्हाईच म्हनन."

"मोड ती ठेव," आई म्हणाली. "माझे पैसे हायेत. त्याला दे."

"तुझे हायेत. तुला द्यायचे तर तू स्वता बँकेत जा, खिडकीत उभी ऱ्हा आन सांग. माझ्या हातानं मोडायचे न्हाईत. आन तुझा हात धरून कुनी न्यायचं बी न्हाई."

मालनबाईनं मान फिरवली. गोरक्ष मोबाईल खिशात घालून बाहेर गेला आणि ओट्यावर पाठ करून बसला. ज्ञानेश्वरी पिशवी उचलून दाराशी आली आणि थांबली.

लेक माहेराहून निघाली की आईनं तिला हळदकुंकू लावायचं. आई विधवा असली तर भावजय लावते, पण लावायला सांगते आईच. त्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. भांडणं झाली, रुसवे झाले, तरी आजवर हे कधी चुकलं नव्हतं. ती उंबऱ्याशी उभी राहिली. पंकजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन सासूच्या तोंडाकडे बघत राहिली. मालनबाई भिंतीकडे बघत होती. कुणी हललं नाही.

ज्ञानेश्वरीनं पिशवी खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या. तरातरा आत जाऊन देव्हाऱ्यासमोरचा करंडा तिनं उचलला, बोट बुडवलं आणि कपाळावर असं दाबून कुंकू लावलं, की अर्धं नाकावर सांडलं. करंडा जागच्या जागी ठेवून ती परत दाराशी आली.

"आई, जाते," ती म्हणाली. "पुढल्या म्हयन्यात परत येनार हाय. कुनी बोलावलं न्हाई तरी येनार, आन कुनी उठलं न्हाई तर कुंकू माझं मी लावून घेनार. माहेर काय तुमी दोघंच देता व्हय?"